गज घालून बघणारे चाचा

“रिकामं आहे असं कोण म्हणाला?”

हा चाचांचा प्रश्न. पिंप असो, पाइप असो, गॅसची नळी असो, कुणी “रिकामं आहे” म्हटलं की चाचा त्याच्याकडे न बघता हा प्रश्न विचारायचे आणि बॉयलर सूटच्या लांब खिशातून हातभर सळई काढायचे. सळई आत घालायची, ठोकायची, बाहेर काढून टोकाचा वास घ्यायचा. मग मान हलवायची. या सगळ्याला दोन मिनिटं लागत, आणि तेवढ्या वेळात आमच्या फोरमनचा चेहरा तांबडालाल होई.

तुम्हीही नोकरीच्या जागी असं एखादं माणूस पाहिलं असेल. ज्याच्या सवयीला सगळे हसतात आणि ज्याच्या सुट्टीत सगळ्यांना थोडी धाकधूक वाटते. आमच्याकडे ते चाचा होते.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बहरीनमध्ये मआमीर गावाला लागून, सित्राच्या कारखान्यांच्या कडेला आमचं वर्कशॉप होतं. टाक्या, पाइप, पत्र्याची कामं. चाचा तिथे फिटर. मी तपासणीचा टेक्निशियन. जोडाला, पत्र्याला कुठे भेग गेली आहे का ते बघायचं माझं काम. मी महाड तालुक्यातल्या बौद्धवाडीतला आणि चाचा सावित्रीच्या खाडीकाठचे, आंबेतच्या पुलाच्या बाजूचे कोकणी मुसलमान. पहिल्या दिवशी गाव विचारून झाल्यावर ते म्हणाले, “म्हणजे पाणी एकच. तू वरच्या अंगाला, मी खालच्या. तू शेजारी माझा.” तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. शेजारीच म्हणत राहिले.

चाचांची तपासणी फक्त कामापुरती नव्हती. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे. चहाचा ग्लास घेण्याआधी तळाशी बोट फिरवायचे. मी राहायचो त्या गुदैबिया वस्तीत आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आली की दार उघडल्यावर आधी पाय टाकून बघायचे, लिफ्ट खरंच आली आहे का म्हणून. एका शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आले असताना माझ्या मुलीची शाळेची पाण्याची बाटली त्यांनी उचलली. ती म्हणाली, “इट्स एम्प्टी, अंकल.” मुलीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. चाचांनी बाटली उलटी केली आणि अर्धी बाटली पाणी त्यांच्याच मांडीवर सांडलं. सगळे हसले. चाचाही हसले, आणि ओल्या लेंग्याकडे बोट दाखवून म्हणाले, “बघ. कोण म्हणाला रिकामी?”

एकदा मात्र कुणी हसलं नाही. एक जुनं पिंप कापायचं होतं. वेल्डरने टॉर्च पेटवली होती. चाचा मधे उभे राहिले. फोरमन म्हणाला, महिनाभर उन्हात उघडं पडलंय, रिकामं आहे. चाचांनी आपला प्रश्न विचारला आणि नळीने पिंपात पाणी सोडलं. पिंप भरून वाहायला लागलं तेव्हा पाण्यावर तेलकट, इंद्रधनुष्यी तवंग आला, आणि थिनरचा असा भपकारा सुटला की वेल्डरने हातातली टॉर्च तशीच विझवली.  दुपारच्या जेवणात फोरमनने आपल्या डब्यातलं मटण चाचांच्या ताटात घातलं.

एवढी काळजी या माणसात कुठून आली, हे मला त्या बंदुकीच्या प्रकरणात कळलं.

वर्कशॉपचा मालक बहरीनी होता, सत्तरीचा. आम्ही त्याला अरबाब म्हणत असू. त्याच्या वडिलांचा मुंबईशी खजूर आणि कापडाचा व्यापार होता, त्यामुळे अरबाबला मोडकंतोडकं का होईना, हिंदी यायचं. गुडघे गेलेले, तरी रोज एकदा पांढऱ्याशुभ्र झग्यात वर्कशॉपला चक्कर मारायचा. एका सकाळी तो आला तो गाडीच्या मागच्या सीटवरून चादरीत गुंडाळलेली लांबलचक वस्तू घेऊन. चादर उलगडली तर आत बंदूक.

“मेरे बाप का है,” तो म्हणाला. “हिरन मारता था.”

जुनी ठासणीची रायफल. म्हणजे काडतूस नाही. तोंडातून दारू ओतायची, वर कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, मागे बोंडीवर, म्हणजे बारीक भोकाच्या टोकावर, ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी, केप, बसवायची आणि घोडा पाडायचा. नळीच्या तोंडातून आत बघितलं की पिळाच्या खाचा दिसत होत्या. लाकूड काळं पडलेलं, पण पितळ घासून चकचकीत केलेलं.

अरबाबच्या नातवाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिथल्या जुन्या घराण्यांत लग्नात पुरुषांचा तलवारी आणि बंदुकांचा नाच असतो, अर्दा म्हणतात त्याला. अरबाबच्या स्वतःच्या लग्नात त्याच्या वडिलांनी या बंदुकीचा बार काढला होता. आता नातवाच्या लग्नात अरबाबला स्वतःच्या हाताने तो काढायचा होता. पोलिसांकडून परवानगीचा कागद त्याने आणला होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की आपल्या फिटरने हिंदुस्थानात अशा बंदुका वापरल्या आहेत.

चाचांनी बंदुकीला हात लावला नाही. विचारलं, “अरबाब, ये कब से दीवार पे है?”

“चालीस साल. जास्ती.”

“खाली है?”

अरबाब हसला. “चालीस साल दीवार पे. बच्चा लोग खेलता है ईद में. घोड़ा खींचता है, ठो ठो करता है. खाली है, खाली.”

मी चाचांच्या तोंडाकडे बघितलं. प्रश्न येणार हे मला माहीत होतं, पण या वेळी तो आला नाही. त्यांनी घोड्याखालची बोंडी रिकामी आहे, तिच्यावर केप नाही, एवढं आधी बघून घेतलं. मग नळीचं तोंड भिंतीकडे करून बंदूक दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि सगळ्यांना मागे सरकवलं. बंदुकीचा गज नळीला बाहेरून लावून, दारू जिथे बसते तिथपर्यंतची लांबी मोजली आणि गजावर खडूची रेघ मारली. रिकाम्या नळीत गज घातला तर ती रेघ बरोबर तोंडाशी यायला हवी.

बाजूला उभे राहून चाचांनी गज आत सरकवला. तो मधेच अडला. रेघ बाहेर राहिली. चाचांनी रेघ आणि नळीचं तोंड यांच्यामध्ये बोटं लावली. चार बोटं, आणि वर आणखी एक.

“चार बोटं दारू, एक बोट गोळी,” ते मला मराठीत म्हणाले. मग अरबाबकडे वळून हळू आवाजात, “अरबाब, बंदूक भरी हुई है.”

अरबाबला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो जवळच्या रंगाच्या डब्यावर बसला. तांब्याच्या केपांची डबी भिंतीवर बंदुकीखाली असलेल्या कपाटात, खालच्या खणात होती, हे त्याने सांगितलं. मुलांच्या हाताला लागेल इतक्या खाली. त्यानंतर तो बराच वेळ “अल्हमदुलिल्ला” एवढंच म्हणत राहिला.

बार उतरवायला तीन दिवस लागले. चाचांनी तेलाच्या छोट्या डब्यात पाणी भरून बोंडीच्या छिद्रातून थेंब थेंब आत सोडलं आणि दारू भिजू दिली. “चाळीस वर्षांची असली तरी कोरडी दारू मेलेली नसते,” ते म्हणाले. सळईच्या टोकाला लाकडात पिळायचा लोखंडी स्क्रू झाळून त्यांनी गोळी ओढायचं हत्यार बनवलं. त्या तीन दिवसांत नळीच्या तोंडासमोरून कुणालाही जाऊ दिलं नाही, फोरमनलासुद्धा. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीआधी गोळी निघाली. शिशावर पांढरी पूड चढलेली, भोवती कुजलेल्या कापडाची चिंधी. मागून शाईसारखं काळं पाणी वाळूत ओघळलं.

चाचांनी गोळी धुतली आणि अरबाबच्या तळहातावर ठेवली.

अरबाब तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, वडिलांच्या शेवटच्या हिवाळ्यात ते पलीकडच्या वाळवंटात हरणाच्या शिकारीला निघणार होते. बंदूक तयार करून ठेवली, आणि त्याच दिवशी ताप चढला. ते पुन्हा उठले नाहीत. बंदूक कुणीतरी उचलून भिंतीवर लावली. “वो बार उनका है,” तो म्हणाला आणि गोळी झग्याच्या खिशात टाकली.

त्या दिवशी चहा पिताना आम्ही पिकअपच्या फळीवर बसलो होतो. चाचांनी चहाला तोंड लावलं नाही. मी काही विचारलंही नव्हतं. ते स्वतःहून बोलू लागले.

“आमच्या घरात होती अशी. शेतसंरक्षणाचा परवाना होता बापाच्या नावावर. डुकरं भात लोळवायची. मी अठराचा, धाकटा सोळाचा. एक दिवस दुपारी मी बार भरला, बांधावर बसलो. डुक्कर आलं नाही. घरी आलो, बंदूक कोपऱ्यात उभी केली. बार उतरवला नाही, कुणाला सांगितलंही नाही. भूक लागली होती. जेवलो आणि झोपलो.”

त्यांनी ग्लास फळीवर ठेवला.

“धाकट्याने संध्याकाळी उचलली. त्याला वाटलं रिकामी आहे. त्याने भरलेल्या बारावर बार भरला. नळी फुटली. उजव्या हाताची तीन बोटं गेली, शेजारी. तीन. जीव राहिला.”

“मग?”

“मग काय. तो काही बोलला नाही मला. कधीच नाही. पस्तीस वर्षं झाली. त्याला मुलं झाली, दुकान चालवतो, डाव्या हाताने लिहितो. सगळं बोलतो माझ्याशी. हे एक बोलत नाही. मीही नाही.”

 चाचांनी थंड झालेला चहा वाळूत ओतला आणि कामाला उठले.

मला वाटलं होतं, चाचा आता या बंदुकीपासून लांब राहतील. तसं झालं नाही. त्यांनीच मला बोलावलं. “शेजारी, तुझा लाल रंग आण.”

भेग बघायची आमची रीत अशी. धातूवर लाल रंग फवारायचा, मुरू द्यायचा, पुसून टाकायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. कुठे केसाएवढी जरी भेग असली तरी तिच्यात मुरलेला रंग पांढऱ्यावर लाल रेघ होऊन उमटतो. नळी लाकडातून सोडवून मी तिच्यावर हा प्रयोग केला. आणि मागच्या बाजूला, जिथे बाराचा सगळा जोर बसतो तिथे, गोल लाल रेघ आली.

मी वाकून जवळून पाहिलं. बघितल्यावर लक्षात आलं की मागचं बूच जिथे आट्यांनी बसवलं आहे त्याचा तो सांधा आहे. पण चाचांनी विचारलं, “नक्की?” आणि त्या एका शब्दाने माझी सात वर्षांची नोकरी हलली. पत्रा फुटला तर टाकी गळते. इथे एक म्हातारा माणूस ही नळी गालाला लावणार होता. मी बूच काढायला लावलं, आटे घासून स्वच्छ केले, आटे आणि नळी सगळं वेगवेगळं पुन्हा तपासलं. मग तिसऱ्यांदा. भेग नव्हती.

“बाहेरून आणि आट्यात नाही,” मी म्हणालो. “आत खोलवर काय आहे ते माझा रंग सांगू शकत नाही.”

“ते बार सांगेल,” चाचा म्हणाले. “पण आपण लांब उभे राहून ऐकू.”

आता दारूचा प्रश्न. अरबाबचा पुतण्या, चाळिशीतला, नव्या गाडीतला, गोड वासाचं अत्तर लावणारा, एके दिवशी डबाभर दारू घेऊन आला. सोबत वडिलोपार्जित पितळी मापही आणलं, बंदुकीबरोबरचं. त्याचं म्हणणं सरळ होतं. माप काठोकाठ भरायचं, आजोबा भरत तसं, म्हणजे आवाज दणदणीत होईल.

चाचांनी डबा उघडून चिमूटभर दारू तळहातावर घेतली. बारीक चकत्या, हिरवट करड्या. त्यांनी ती हुंगली, बोटात चोळली. बोटं काळी झाली नाहीत.

“ये कहाँ से लाया?”

नव्या बंदुकीच्या काडतुसांतून काढली, पुतण्या म्हणाला. चांगली दारू आहे, महाग आहे.

“चांगली आहे,” चाचा हिंदीत म्हणाले, “पण या बंदुकीची नाही. ही घातली तर नळी राहणार नाही.”

पुतण्याला ते लागलं. नोकराने तोंडावर नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. तो अरबीत भरभर काहीतरी बोलला. त्यातला ‘व्हिसा’ हा शब्द आम्हा दोघांनाही कळला. चाचांचा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता, आणि ऑफिसचे कागद पुतण्याच्याच टेबलावरून जात.

चाचांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते उठले ते सरळ अरबाबच्या खोलीत गेले. मीही मागे गेलो. चाचा म्हणाले, “अरबाब, पाच मिनिट बाहर आइये.”

बाहेर वाळूत त्यांनी एक फरशीचा तुकडा ठेवला. त्यावर पुतण्याच्या दारूची चिमूट. लांब काडीने पेटवली. पिवळी ज्योत आली, सावकाश जळली, धूर जवळजवळ नाही, फरशी स्वच्छ. मग त्यांनी दुसरी पुडी काढली. अर्द्याच्या पथकाचा प्रमुख नईम नावाच्या भागात राहायचा. त्याच्याकडे परवान्याची काळी दारू असे. आदल्या दिवशी चाचा स्वतः जाऊन त्याच्याकडून नमुना घेऊन आले होते. ती पेटवली तर भस्सकन पांढरा धुराचा ढग उठला आणि फरशीवर काळा डाग राहिला.

“अरबाब, ये काली दारू उघड्यावर भडकते आणि नळीत समजुतीने वागते,” चाचा म्हणाले. हिंदी, मराठी, अरबी सगळं एकत्र झालं होतं. “वो नई वाली उघड्यावर शरीफ आहे. नळीत कोंडली की तिचा जोर काळीच्या कितीतरी पट. नव्या पोलादाला चालतो. ही नळी तुमच्या बापाच्या वेळची आहे.”

“और माप?” अरबाबने विचारलं.

“माप तेव्हाचं बरोबर. तेव्हा नळी जवान होती. आता म्हातारी झाली. म्हाताऱ्याला जवानाचा खुराक नाही द्यायचा. जाड दाण्याची दारू घेऊ, ती सबुरीने जळते. बारीक दाणा तापट. अर्ध्या मापाच्याही खाली सुरू करू. गोळी मफी, अजिबात नाही. नुसता काथ्याचा हलका बोळा. आवाज थोडा कमी येईल.” मग त्यांनी शेवटचं वाक्य टाकलं, “हे मंजूर नसेल तर बंदूक दीवार पे अच्छी. मी भरणार नाही. व्हिसाचं तुम्ही बघा.”

 चाचांच्या घरी दोन मुलींची शिक्षणं चालू होती, हे मला ठाऊक होतं.

अरबाबने फरशीवरचा काळा डाग चपलेच्या टोकाने पुसला. पुतण्याकडे बघितलं. म्हणाला, “खलास. जो ये बोलेगा.” आणि गुडघ्यावर हात ठेवत आत गेला. पुतण्या गाडी काढून निघून गेला.

शुक्रवारी सकाळी आम्ही पथकाच्या प्रमुखाबरोबर दक्षिणेला गेलो, तेलविहिरी मागे टाकून मोकळ्या माळावर, जिथे पथकाला सरावाची परवानगी होती. ट्रकचे दोन जुने टायर रचून त्यात बंदूक दोरखंडाने बांधली. घोड्याला बारीक दोरी बांधून ती पन्नास पावलं मागे, पिकअपच्या आड आणली. अरबाब हट्टाने आला होता. चाचांनी त्याला पिकअपच्या मागे वाळूवर बसवलं आणि गुडघ्यांखाली उशी दिली.

पहिला बार अगदी कमी दारूचा. चाचांनी दोरी ओढली. फुस्स झालं, धूर आला. अरबाबचा चेहरा पडला. चाचा मात्र खूश. नळी ओल्या कापडाने पुसली, कोरडी केली, मी रंग मारून बघितला, स्वच्छ. दुसरा बार थोडा जास्त. या वेळी माळावरची दोन पाखरं उडाली. पुन्हा पुसणं, पुन्हा रंग. तिसरा बार अर्ध्या मापाला किंचित कमी. धाडकन आवाज झाला, टायर हलले, पांढरा धूर वाऱ्यावर लांब गेला. अरबाब उठून उभा राहिला, गुडघे विसरून.

“बस,” चाचा म्हणाले. “इथेच थांबायचं.”

“थोड़ा और?”

“मफी और, अरबाब. नळीने हो म्हटलंय. पुन्हा पुन्हा विचारलं तर रागावेल.”

लग्नाच्या दिवशी दुपारची नमाज झाल्यावर अर्दा सुरू झाला. ढोल, दोन रांगा, उन्हात चमकणाऱ्या तलवारी. चाचांनी नवा इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी सगळ्यांसमोर गज आत घालून रिकामी नळी दाखवली, मोजून दारू ओतली, बोळा ठासला, गजावरची रेघ बोटांनी मोजली, मग पुन्हा मोजली. लोकांत चुळबूळ झाली. पुतण्या रांगेत उभा होता. तो दुसरीकडे बघत होता. चाचांनी बंदूक अरबाबच्या हातात दिली, नळी आकाशाकडे वळवून, आणि केप स्वतः बसवली. मग ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

अरबाबने घोडा पाडला. आवाज चांगला झाला. धुराचा ढग उठला आणि क्षणभर त्यात अरबाब दिसेनासा झाला. त्या क्षणी चाचांनी माझं मनगट धरलं होतं हे मला नंतर कळलं, बोटांचे वळ उठल्यावर. धूर विरला. अरबाब उभा होता, दोन्ही हात शाबूत, दाढीवर काळी राख, आणि लहान मुलासारखा हसत होता. नवरदेव त्याच्या गळ्यात पडला.

चाचा खाली बसले. तिथेच, वाळूत, इस्त्रीच्या कपड्यांत. “झालं,” ते म्हणाले. बिर्याणीचं ताट आलं तेव्हा त्यांनी दोनदा भात मागून घेतला. एवढं जेवताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

महिन्याभराने एका शुक्रवारी सकाळी ते गुदैबियात माझ्या दारात हजर. म्हणाले, “फोन करायचाय. तू सोबत ये.” त्यांनी धाकट्याला पत्र पाठवून गावच्या एसटीडी बूथवर दहा वाजता यायला सांगितलं होतं. कोपऱ्यावरच्या फोनच्या डब्यात आम्ही दोघं दाटीने उभे राहिलो. लाइन लागली. खुशाली झाली, मुलींची चौकशी झाली, आंब्याची झाली. मग चाचा फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. फोनकार्डावरचे आकडे उतरत होते. मी त्यांना कोपराने ढोसलं.

“त्या दिवशी,” चाचा म्हणाले, “बार मी ठेवला होता आत. मी सांगायला पाहिजे होतं.”

 पलीकडून आवाज आला, मोठा, मलाही ऐकू येईल एवढा. “भाई, तू हे अजून घेऊन बसलायस? ज्याच्या हातात बंदूक, त्याने गज घालून बघायचा. बापाने दोघांना शिकवलं होतं. मी घाईत बघितलं नाही. मला वाटलं, नळी तुझ्या बारामुळे फुटली हे तुझ्या लक्षातच आलं नाही, कळलं तर जिवाला लावून घेशील, म्हणून मी कधी बोललो नाही.”

चाचांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. लाइन तुटल्यावरही. बाहेर आलो तेव्हा त्यांनी रुमालाने आधी तोंड पुसलं, मग फोनचा डबा पुसला, का ते त्यांनाच माहीत. कोपऱ्यावरच्या मल्याळी हॉटेलात आम्ही चहा घेतला आणि चाचांनी ग्लास सरळ तोंडाला लावला.

व्हिसा रिन्यू झाला. पुतण्यानेच कागद आणून दिला. पण चाचा फार राहिले नाहीत. वर्षभराने त्यांनी कायमचं जायचं ठरवलं. “खूप झालं. आता धाकट्याच्या दुकानात बसेन,” म्हणाले.

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो होतो. दोन बॅगा, दोरीने बांधलेलं खोकं आणि एक घोंगडी. ट्रॉली भरली तेवढ्यात मागून काठी टेकत अरबाब आला. मालक कामगाराला सोडायला आल्याचं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्याने काठी माझ्या हातात दिली आणि ट्रॉलीची दांडी धरली.

“अरबाब, छोड़ो. मैं ले जाता हूँ.”

“तुम चुप. यल्ला, चलो.”

चाचांनी एका बाजूने दांडी धरली, अरबाबने दुसऱ्या बाजूने. दोघंही ओढत होते, त्यामुळे ट्रॉली सरळ जाईना. एकदा डावीकडे वळे, एकदा उजवीकडे. लोक बाजूला होत होते. दारापर्यंतचं ते अंतर त्या दोन म्हाताऱ्यांनी तसंच कापलं, एक पांढऱ्या झग्यात, एक तपकिरी सफारीत, एकमेकांना दटावत. मी काठी घेऊन मागे उभा होतो.